ओव्हन नाही, ऑलिव्ह तेल नाही, तरी ग्रीक बरगड्या

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडचं, ओव्हन नाही, चूल आणि सिगडी आहे. आठवडी बाजारातून डुकराच्या बरगड्या आणल्या, व्हिडिओत पाहिल्याप्रमाणे लिंबू, दही आणि लसूण लावून रात्रभर ठेवल्या आणि सकाळी थेट निखाऱ्यावर टाकल्या. वरून काळ्या पडल्या, कडेचं मांस पिठूळ लागलं, आणि हाडाजवळ लालच राहिलं. ओरेगॅनो होतं ते पिझ्झाच्या पुड्यांमधलं. आता जानेवारीत आठ-दहा पाहुणे येणार आहेत आणि या वेळी जमलंच पाहिजे. जमेल. पण मुरवण्यावर तुम्ही जेवढा जीव टाकला तेवढा शिजवण्यावर टाकावा लागेल, आणि लिंबाची जागा बदलावी लागेल.

लिंबाने मटण मऊ होतं हे आपल्याकडे घरोघर ऐकायला मिळतं. प्रत्यक्षात लिंबाचा आंबटपणा रात्रभरातसुद्धा मांसात काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाही. जेवढा जातो तेवढ्या थरातलं प्रथिन तो आवळून टाकतो, आणि तो थर मग तोंडात पिठासारखा लागतो. तुम्हाला कडेला जे जाणवलं ते हेच. आपलं कागदी लिंबू ग्रीसमधल्या मोठ्या पिवळ्या लिंबापेक्षा आंबट, त्यामुळे व्हिडिओतलं प्रमाण जसंच्या तसं घेतलं की काम आणखी बिघडतं. आत शिरतं ते मीठ. चार-पाच तासांत ते चांगलं आत उतरतं आणि शिजताना मांसातला रस धरून ठेवतं.

बरगडी चिवट असते ती कोलॅजेनमुळे, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या धाग्यांमुळे. हे धागे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास सुटायला लागतात आणि मांस ९० अंशांच्या जवळ बराच वेळ राहिलं की विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. याला वेळच लागतो. लिंबू किंवा दही तो वेळ वाचवत नाही.

मग ग्रीसमध्ये लोक बरगड्या सरळ निखाऱ्यावर कशा भाजतात? तिथे खाणावळीत मिळते ती पानसेता, म्हणजे पोटाकडच्या मांसाचे हाडासकट पातळ काप. जनावर फार्मवरचं, कोवळं. काप बोटभर जाडीचे, मध्ये चरबीचे पदर. असा तुकडा दहा-बारा मिनिटांत भाजून होतो आणि थोडा चावावा लागला तरी चालतो, तीच त्याची मजा. आपल्याकडे बाजारात मिळतं ते बहुतेक वेळा गावात हिंडून वाढलेलं काळं डुक्कर, वय जास्त, स्नायू कमावलेले. त्याचा सलग पट्टा निखाऱ्यावर टाकला तर वर कोळसा आणि आत कच्चं, हे ठरलेलंच. ग्रीक घरांत दुसरीही एक रीत आहे: लिंबू, ओरेगॅनो आणि बटाट्यांसोबत झाकून मंद आचेवर शिजवायचं. मी या दोन्ही रीती जोडतो. आधी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, सावकाश, मग निखाऱ्यावर थोडा वेळ.

आता खरेदी. आठ-दहा माणसांना हाडासकट साडेतीन ते चार किलो लागेल, कारण बरगडीत हाडाचं वजन बरंच असतं. मटणवाल्याला पाठीकडचा पट्टा नको, छातीखालचा द्या म्हणून सांगा, आणि तीन-तीन चार-चार हाडांचे तुकडे करून मागा. एक-एक हाड सुटं केलं की शिजताना मांस आक्रसून हाडाच्या टोकाला गोळा होतं. तणसावर भाजून केस काढलेली कातडी असेल तर तिचा धुरकट वास मला स्वतःला आवडतो, पण या पदार्थात तो ओरेगॅनोला दाबतो. कातडी काढून घ्या आणि वेगळी रांधा.

घेताना मांस उजेडात धरून बघा. कापलेल्या भागात साबुदाण्यासारखे पांढुरके, पाणीदार दाणे दिसले तर ते टेपवर्मचे, म्हणजे पट्टकृमीचे. ते मटण स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. असं मटण अर्धकच्चं खाल्लं तर जंत आतड्यात वाढतो. मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा जो आजार आहे तो या जंताची अंडी पोटात गेल्याने होतो, म्हणजे घाण पाणी, न धुतलेल्या भाज्या, न धुतलेले हात यांच्यातून. त्यामुळे कधीच डुक्कर न खाणाऱ्यालाही तो होऊ शकतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ साली डुकराच्या अखंड तुकड्यांसाठी ६३ अंश आणि नंतर ३ मिनिटं तसंच ठेवणं पुरेसं ठरवलं. इंटरनेटवरच्या गुलाबी पोर्कच्या पाककृती तिथून येतात. तो हिशेब बंदिस्त फार्मवर तपासणीखाली वाढलेल्या जनावरांचा. आपल्या बाजारातलं मटण पूर्ण शिजलंच पाहिजे, आणि बरगडी मऊ व्हायला ९० अंशांपर्यंत जावंच लागतं, त्यामुळे इथे चव आणि आरोग्य दोन्ही एकाच बाजूला आहेत.

घरी आणल्यावर पहिलं काम पापुद्रा काढायचा. बरगडीच्या आतल्या, हाडाच्या बाजूला एक पातळ, चकचकीत पडदा असतो. पट्टा उपडा करा, कडेच्या हाडावर चमच्याचा दांडा पडद्याखाली सरकवा आणि थोडा उचला. बोट आत जाईल एवढी जागा झाली की कोरड्या फडक्याने पडदा चिमटीत धरा, नुसत्या बोटांनी तो निसटतो, आणि हाडाला समांतर सावकाश ओढा. सहसा अर्धा एका दमात येतो, मग फाटतो. दुसऱ्या टोकाने पुन्हा सुरू करा. फार्मच्या डुकराचा पडदा सहज निघतो, गावठीचा चिवट असतो. तो राहिला तर मीठ त्या बाजूने आत जात नाही आणि खाताना दातात प्लास्टिक आल्यासारखं वाटतं.

मुरवण्याचं प्रमाण किलोमागे सांगतो. मीठ दोन सपाट छोटे चमचे, म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास. भरड मिरी एक छोटा चमचा. गावरान लसणाच्या दहा-बारा पाकळ्या ठेचून. तेल चार मोठे चमचे. वाळलेलं ओरेगॅनो एक मोठा चमचा, तळहातावर चोळून. लिंबू किलोमागे फक्त अर्धं, वासापुरतं. हळद नाही, धणे-जिरे नाही, आलं नाही, आणि हात कितीही शिवशिवला तरी सावजी मसाला तर नाहीच. तुम्हाला सावजी बरगड्या करायच्या असतील तर जरूर करा, उत्तम होतात, पण मग ओरेगॅनो वाया घालवू नका.

आधी मीठ-मिरी चोळा, दहा मिनिटांनी बाकीचं लावा. फ्रिज असेल तर चार ते सहा तास पुरेत. लिंबू एवढं कमी असलं तर रात्रभर ठेवूनही बिघडत नाही. फ्रिज नसेल किंवा वीज जात-येत असेल तर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका. जानेवारीत आपल्याकडे रात्री थंडी कडाक्याची असते म्हणून मटण ओट्यावर झाकून ठेवणारे लोक मी पाहतो. फ्रिजचं तापमान पाच अंशांच्या खाली असतं, आपला ओटा इतका गार होत नाही.

ओरेगॅनोबद्दल जरा सविस्तर, कारण ग्रीक चव येते ती यातूनच. ग्रीक ओरेगॅनोचा तो तिखट, औषधी वास कार्व्हाक्रोल नावाच्या द्रव्याचा. आपल्या ओव्याचा वास थायमॉलचा. दोघांचं रासायनिक सूत्र एकच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. म्हणून पुड्यांमधलं ओरेगॅनो जुनं, गवतासारखं झालं असेल तर किलोमागे पाव छोटा चमचा ओवा कुटून त्यात घाला, जान येते. जास्त घातला तर भजी खाल्ल्यासारखं वाटेल, तेव्हा हात आवरा. तुमच्या परसात पानओवा असेलच, ज्याच्या जाड, लवदार पानांची आपण भजी करतो. त्यातही कार्व्हाक्रोल आणि थायमॉल असतं, आणि जगात बऱ्याच ठिकाणी ती पानं ओरेगॅनोच्या जागी वापरतात. पानं मांसल असल्याने सावलीत वाळायला वेळ लागतो. ताजीच घ्यायची तर किलोमागे तीन-चार पानं बारीक चिरून पुरतात. आणि सर्वांत जवळचा नातलग म्हणजे मरवा, जो गजऱ्यात माळतात. तो ओरेगॅनोच्याच कुळातला, वास सौम्य आणि गोडसर. फूलवाल्याकडचा मात्र खायला वापरू नका, त्यावर काय फवारलंय ते सांगता येत नाही. रोप आणून कुंडीत लावा. माझ्या मते पुड्यांमधलं ओरेगॅनो, चिमूटभर ओवा आणि शेवटी ताजा मरवा हे मिश्रण महागड्या बाटलीच्या तोडीस तोड आहे.

तेलाचं सोपं आहे. मुरवायला ऑलिव्ह तेल घालणं म्हणजे पैसे चुलीत घालणं, शिजताना त्याचा वास उडून जातो. फल्ली (शेंगदाणा) तेल किंवा करडईचं वापरा. जवसाचं नको, ते तापलं की कडवट होतं. ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली मिळाली तर शेवटच्या लिंबू-तेलासाठी राखून ठेवा.

आता गंज. जाड बुडाचा घ्या, जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) चालेल पण पातळ नको. चार किलो एका गंजात कोंबू नका, दोन गंज करा. तळाला कांद्याच्या जाड चकत्या अंथरा, म्हणजे मांस बुडाला लागत नाही. त्यावर बरगड्या, हाडाची बाजू खाली. फक्त अर्धी वाटी पाणी. बाकीचं पाणी मांस आणि चरबी स्वतः सोडतात. दोन-तीन तुकडे संत्र्याच्या सालीचे टाका, आतला पांढरा भाग खरवडून. हे माझं विदर्भीय लाड नव्हेत: ग्रीसच्या मुख्य भूमीच्या दक्षिण टोकाला मानी नावाचा भाग आहे, तिथे डुकराच्या सॉसेजमध्ये संत्र्याची साल घालतात. संत्र्याचा रस मात्र घालू नका, त्यातल्या साखरेने बरगड्या निखाऱ्यावर लवकर करपतात.

झाकणाची कड कणकेने बंद करा, आच अगदी मंद ठेवा, झाकणावर चार निखारे ठेवा. गॅसवर करत असाल तर गंजाखाली तवा ठेवा. फार्मचं मटण असेल तर दीड तास, गावठी असेल तर दोन ते अडीच तास. आतून बारीक खदखद ऐकू आली पाहिजे. जोरात उकळत असेल तर चुलीतलं लाकूड ओढा. जोरात उकळलेलं मांस मऊ होतं पण कोरडं होतं. पहिला तासभर झाकणाला हात लावू नका. झालं की नाही हे हाडावरून कळतं: मांस वर सरकून हाडाचं टोक सेंटिमीटरभर उघडं पडतं, आणि हाड धरून पिळलं तर ते थोडं फिरतं पण सुटून हातात येत नाही. सुटून आलं म्हणजे वेळ जास्त झाला. खायला छान लागेल, पण जाळीवर त्याचा चिवडा होईल.

कुकरबद्दल विचाराल, म्हणून सांगतो. वेळ वाचतो, पण बरगडी कधी कडक तर कधी हाड सोडून मोकळी, मधली अवस्था पकडणं अवघड. कुकरच लावायचा असेल तर बरगड्या झाकणाच्या डब्यात पाणी न घालता ठेवा, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या.

शिजल्यावर बरगड्या हलक्या हाताने परातीत काढा आणि किमान अर्धा तास गार होऊ द्या. गरम असताना त्या जाळीवर फाटतात. पाहुण्यांचा दिवस असेल तर इथपर्यंतचं काम आदल्या संध्याकाळी करून बरगड्या फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी फक्त भाजणं उरतं. फ्रिजमधून काढल्या तर भाजताना वेळ थोडा वाढवा, आतपर्यंत वाफाळत्या झाल्या पाहिजेत.

गंजात उरलेला रस ओतून देऊ नका. जेवणाआधी तासभर तो गंज पुन्हा चुलीवर चढवा, वरची चरबी अर्धी काढून बाजूला ठेवा, आणि आलूच्या मोठ्या, लांबट फोडी त्या रसात टाका. दोन लिंबांचा रस, थोडं ओरेगॅनो, मीठ चाखून. झाकण ठेवून शिजवा, शेवटी झाकण काढून रस आटू द्या म्हणजे फोडींच्या कडा लालसर होतात. ग्रीक लोक हे आलू ओव्हनमध्ये करतात. बरगड्यांपेक्षा याच आलूंवर पाहुण्यांचे हात जास्त वेळा गेलेले मी पाहिलेत.

निखाऱ्यांसाठी बाभळीचं लाकूड सर्वांत चांगलं, जड, बराच वेळ टिकणारं. पेटवायला पऱ्हाटी (कपाशीची वाळकी झाडं) किंवा तुराट्या चालतील, पण मांस वर ठेवण्याआधी त्या पूर्ण जळून गेल्या पाहिजेत. पऱ्हाटीवर हंगामभर फवारणी झालेली असते, तिचा धूर खाण्याला नको. ग्रीसमध्ये याच कामाला द्राक्षवेलीच्या छाटलेल्या काड्या वापरतात. चंद्रपूर-वणीकडचा कोणी हे वाचत असेल तर त्याला विशेष सांगणं: सिगडीतला दगडी कोळसा पाणी तापवायला ठीक, त्याच्यावर मांस भाजू नका. त्याच्या धुरात गंधक असतं, आणि बरंच काही. जाळीचंही तसंच. कुंपणाची जस्त चढवलेली जाळी तापली की तिचा धूर विषारी. वेल्डिंगवाल्याकडून साध्या लोखंडी सळ्यांची चौकट करून घ्या, जन्मभर टिकेल.

निखाऱ्यांवर पांढरी राख चढली की ते दोन बाजूंना सारा, मध्ये रिकामी जागा. जाळीच्या वर वीतभर तळहात धरून चार-पाच सेकंद सोसवला तर आच योग्य. बरगड्यांवरचा लसूण पुसून काढा, तो जळून कडू होतो. आधी हाडाची बाजू खाली, पाचेक मिनिटं, मग मांसाची बाजू चारेक मिनिटं. चरबी टपकून जाळ उठला तर बरगड्या मधल्या रिकाम्या जागेवर सरकवा. पाणी मारू नका, राख उडून मांसावर बसते. इथे आपल्याला काही शिजवायचं नाही, फक्त कडा कुरकुरीत करायच्या आहेत, त्यामुळे जागेवरून हलू नका आणि फोनही घेऊ नका.

आता लिंबू. भाजणं सुरू करण्याआधी एका बाटलीत तीन भाग तेल, एक भाग लिंबाचा रस, मीठ, ओरेगॅनो आणि चिमूटभर मोहरीची पूड घालून जोरात हलवा. मोहरीमुळे तेल आणि रस लवकर फुटत नाहीत. चार किलोला पाऊण वाटी तेल धरा. याला ग्रीक लोक लाडोलेमोनो म्हणतात. मरव्याच्या चार काड्या दोऱ्याने काठीला बांधून ब्रश करा आणि शेवटच्या मिनिटाला एकदा, जाळीवरून उतरवल्यावर सढळ हाताने दुसऱ्यांदा लावा. गरम मांसावर लिंबू पडलं की जो वास सुटतो त्यासाठीच एवढा खटाटोप. कच्च्या मटणाला लावलेलं मुरवण यासाठी परत वापरू नका.

सोबत त्झात्झिकी करा: फडक्यात टांगून घट्ट केलेलं दही, किसून पिळलेली काकडी, थोडा कच्चा लसूण, तेल, मीठ. आपल्या कोशिंबिरीसारखीच वाटेल, पण साखर, दाण्याचा कूट आणि फोडणी तिघांनाही सुट्टी. शेपू असेल तर चिरून घाला, सांबार (कोथिंबीर) नको. ही कच्ची खायची गोष्ट, तेव्हा तिला मटणाची पाटी-सुरी लागू देऊ नका. पिटा, म्हणजे ग्रीक रोटी, शोधत देसाईगंजला जाऊ नका. ज्वारीची जाड भाकर तो रस छान टिपते, आणि आपल्या झाडीपट्टीत आलूच्या रसासोबत भात कोणी नाकारणार नाही.

डुकराचं मटण बऱ्याच घरांत आतल्या चुलीवर चालत नाही, परसात वेगळ्या भांड्यात करावं लागतं. या पदार्थाला ते उलट सोयीचंच, सगळा धूर बाहेर. कोणता वार आहे तेवढं सांभाळा: ग्रीसमध्ये चाळीस दिवसांच्या उपवासाआधी एक गुरुवार खास मांस भाजण्याचा असतो, त्सिक्नोपेम्प्ती म्हणतात, गल्लोगल्ली धूर असतो. आपल्याकडे गुरुवारी पाहुणे बोलावलेत तर अर्धे जण आलूच खातील.

उरलंच काही, तर दुसऱ्या दिवशी हाडावरचं मांस सोडवून तव्यावर थोडं परता, परत शिजवू नका. आणि गंजातून काढून ठेवलेली चरबी मंद आचेवर तापवून तिच्यातलं पाणी आटवा, गाळून कोरड्या बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा. भरल्या वांग्याला तेलाऐवजी ती दोन चमचे घालून बघा.